दोन दारं की चार

८ जानेवारी, गुरुवार

दातांचा माल पुरवणारा एजंट दरवर्षी एक डायरी देतो आणि दरवर्षी ती कामावर मापं टिपण्यातच संपते. या वर्षीची घरी आणली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ बत्तीशी दाखवून हसते आहे. दाढेला बत्तीशी कुठून आली, ते एजंटालाच ठाऊक.

पहिलंच पान आहे तर नीट लिहावं, म्हणजे म्हातारपणी वाचताना कोण कोण ते आठवत बसायला नको. वय चोपन्न. धंदा कवळ्या बनवण्याचा. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वर रस्त्याशी, माझी खोली त्याखाली अर्ध्या तळघरात. त्या जबड्यांची मापं पाठवतात, मी प्लास्टर ओतते, मेणात दात बसवते, आणि कुणाला कवळी टोचली की तो जिना उतरून माझ्याकडे येतो. अठ्ठावीस वर्षं हेच चाललंय. हे जाऊन अकरा वर्षं झाली. लेक लग्न होऊन इथून तीन तासांवर राहते.

आणि आज गाडी गेली. चोरीला नव्हे, आयुष्यातूनच गेली. मिस्त्रींनी सकाळी फोन करून सांगितलं, "इंजिन संपलंय. आता ओढू नका हिला. बिचारीने खूप केलं." ह्यांची गाडी ती. मला कधी आवडली नाही. राखाडी, चौकोनी, कपाटाला चाकं लावल्यासारखी. तरी फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी आलं, आणि समोर बसलेल्या पेशंटला वाटलं, त्याच्या दातांचं काहीतरी वाईट निघालं.

मिस्त्री म्हणजे आमचे गॅरेजवाले. साठीचे, एकटेच. बायको फार पूर्वी वारली, मूलबाळ नाही. अकरा वर्षं त्यांनीच ते कपाट चालतं ठेवलं. डिसेंबरात मी त्यांची वरची कवळी केली. माझ्या हातून झालेल्या पहिल्या पाचांत बसेल अशी झाली होती. तर हे गृहस्थ तेव्हापासून गुरुवार आला की जिना उतरून हजर. "इथं जरा टोचतंय." कधी डावीकडे, कधी उजवीकडे, आज म्हणे टाळूला. बघावं तर लाल झालेलं काही दिसत नाही. पण पेशंट टोचतं म्हणाला की टोचतं. मी वाद घालत नाही, घासते. मनातून मात्र फार लागलंय. माझी कवळी दोनदा परत आली असं कधी झालेलं नाही, आणि ही आज चौथ्यांदा आली.

आणखी एक. हा माणूस जगातल्या झाडून सगळ्या बायकांना ताई म्हणतो. डॉक्टरीणबाईंना ताई, भाजीवालीला ताई, दवाखाना पुसणारीलाही ताई. मला मात्र नुसतं "अहो" आणि "तुम्ही". एवढ्या वर्षांची ओळख, पण तेवढा मान द्यायला जीभ उचलत नाही.

११ जानेवारी, रविवार

गाडीतलं सामान आणायला गॅरेजवर गेले. अकरा वर्षांत गाडीत काय काय साठतं! दोन छत्र्या, एकच चप्पल, लेकीचं कॉलेजचं ओळखपत्र आणि सीटखाली एक खालची कवळी. ती कुणाची, हे मला या जन्मात कळणार नाही.

पिशवी भरून निघाले, तर मागच्या भिंतीशी ताडपत्रीचा एक कोपरा उचललेला. तिथे ताडपत्री आहे हे मी वर्षानुवर्षं बघते आहे, खाली भंगार असेल असं धरून चालले होते. कोपऱ्यातून एक गोल दिवा माझ्याकडे बघत होता.

मी दहा वर्षांची असताना आमच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी एक बाई गाडी चालवत जायची. दोन दारांची गाडी, लांब नाक, गोल दिवे, काचेच्या बाटलीसारखा हिरवा रंग, आणि खिडकीत बाईचं कोपर. ती कोण, कुठे जायची, काही माहीत नाही. मी गृहपाठ टाकून कठड्याशी उभी राहायची. शाळेत मोठेपणी कोण होणार असं विचारलं की मुली डॉक्टर, शिक्षिका असं काही सांगायच्या. मी सांगायची, "ती बाई." शाळेतल्या बाईंनी एकदा त्यावरून वर्गाबाहेर उभं केलं होतं.

ताडपत्रीखाली तीच जात, तोच रंग. म्हणजे रंग जिथे उरलाय तिथे. सीट उंदरांनी संपवली आहे, तळाचा पत्रा इतका गंजलाय की आतून जमीन दिसते. मिस्त्री टपावरून हात फिरवत म्हणाले, "आणून अठरा वर्षं झाली. म्हटलं सवडीने करू. लोकांच्या गाड्यांतून सवड कुठली मिळायला."

मग कळलं की जागेच्या मालकाला गॅरेजची जागा परत हवी आहे. एकतीस मार्चपर्यंत रिकामी करायची. दूर गावी मिस्त्रींचा धाकटा भाऊ असतो, तो कधीचा बोलावतोय, ये आणि आराम कर म्हणून. आराम हा शब्द त्यांनी दुखण्याचं नाव घ्यावं तसा उच्चारला.

"ही विकणार का?" मी विचारलं. माझा आवाज असा का आला कोण जाणे.

"कुणालाही नाही देणार. तुम्हाला देईन." जरा थांबून म्हणाले, "पण दोन-अडीच महिन्यांत होणारं काम नाही हे. घरामागे तुमची शेड आहे ना, तिथे न्यावी लागेल. आणि करायची ठरली, तर मग मी धाकट्याकडे जाणार नाही. इथंच कुठंतरी खोली बघेन. अर्धं काम टाकून जायची सवय नाही मला."

कामाशी माणूस प्रामाणिक आहे, एवढं मानावंच लागेल.

१५ जानेवारी, गुरुवार

"इथं जरा टोचतंय." पाचवी खेप. या वेळी उजव्या सुळ्याच्या मागे. घासून देईपर्यंत हिरव्या गाडीबद्दल बोललो. तिचे दरवाजे किती जड, तिच्या हॉर्नचा आवाज कसा. मग ते गेले, आणि खिडकीतून बघते तर फाटकाशी उभं राहून अख्खं सफरचंद दातांनी तोडून खातायत! नव्या कवळीवाल्याला मी सहा महिने सफरचंदाला दुरून नमस्कार करायला सांगते.

वर जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. म्हटलं, याच्या जबड्याचंच काहीतरी वेगळं आहे, एकदा तुम्ही बघा. त्यांनी तोंडाला मास्क लावला आणि पाठ फिरवून बराच वेळ हात धूत बसल्या. खांदे हलत होते. सर्दी झाली असावी.

१८ जानेवारी, रविवार

लेक आणि जावई आले ते नव्या गाडीतून. नवी म्हणजे दोन वर्षं वापरलेली. जावयाचे साहेब परदेशी कायमचे चाललेत, त्यांची. चार दारं, चंदेरी रंग, आत शिरलं की बाहेरचा आवाज बंद. जावई म्हणजे एरवी शांत माणूस, जेवताना मीठसुद्धा मागत नाही. आज तोंडाचा पट्टा थांबेना. "आई, शून्य ते शंभर सात सेकंदांत!"

"मला शून्यावरून शंभरावर जायची एवढी घाई कुठली?" मी म्हटलं.

"एकदा चालवून तर बघा."

बघितली. इथे खोटं लिहून उपयोग नाही, मजा आली. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर पाय दाबला तर पाठ सीटला चिकटली आणि मी मोठ्याने हसले. लेक मागून ओरडतेय, "आई, हळू!" आणि जावई शेजारून, "आणखी दाबा, आई, अजून पुष्कळ आहे तिच्यात!" परत आल्यावर त्याने स्वतः बादली मागून घेतली आणि गाडी धुतली. वास्तविक ती स्वच्छच होती. साहेबांची परवानगी काढून दोन आठवडे माझ्याकडे ठेवून गेलेत, चालवून बघायला. किती करतो बिचारा सासूसाठी.

१९ जानेवारी, सोमवार

कामात लक्ष नाही. एका आजोबांच्या कवळीत दोन्हीकडे डावेच सुळे बसवले. नशीब, मेणातच लक्षात आलं.

चंदेरी गाडी दाराशी उभी आहे आणि डोळ्यांपुढे हिरवी. एक आजच्या आज चालते. दुसरी कधी चालेल, चालेल की नाही, देव जाणे. यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी दिवसभर तोच विचार.

२२ जानेवारी, गुरुवार

मिस्त्री आले. म्हटलं, टोचण्याचं नंतर बघू, आधी बाहेर चला आणि या गाडीबद्दल खरं काय ते सांगा. त्यांनी झाकण उघडलं, खाली निजून बघितलं, इंजिन चालू करून डोळे मिटून उभे राहिले. मी शेजारी उभी. मला वाटलं, एखादा दोष निघेल. निघावा, असंही वाटलं.

"घ्या," म्हणाले. "काही खोट नाही हिच्यात."

"आणि ती तुमची?"

"ती डोक्याला ताप आहे. तुम्हाला लेकीकडे जायचं असतं, रस्त्यात बंद पडून चालायचं नाही. हीच घ्या."

मला इतका राग आला! वास्तविक मीच सल्ला मागितला होता आणि त्यांनी प्रामाणिकपणे दिला. पण एखाद्याने थोडं तरी अडखळावं. मी "बरं" एवढंच म्हणाले आणि आत आले. ते फाटकापर्यंत जाऊन परत आले. "अहो, ते राहिलंच. डावीकडे टोचतंय." घासून दिलं, पण एक शब्द बोलले नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

जावई चंदेरी गाडी घेऊन गेला. नेताना पुन्हा धुतली.

या गुरुवारी दवाखाना बंद होता, मिस्त्री आले नाहीत. मी गॅरेजवर गेले. नुसतं बघायला. गेले ते पाच तास तिथेच. मिस्त्रींनी हिरव्या गाडीचं इंजिन उघडलंय. मी दिवा धरते, ते सांगतात कुठला भाग कशासाठी. मला वाटायचं ते अबोल आहेत. अजिबात नाहीत. त्यांना इंजिनाबद्दल विचारावं, मग बघावं.

मागचा एक दिवा फुटलाय. त्याची लाल काच आता कुठे मिळत नाही म्हणे, त्यांनी फार शोधली. मी दुसऱ्या दिव्याकडे बघितलं. गोल, दोन्ही सारखेच. म्हटलं, "माप घेऊ?" त्यांना आधी कळेना. मी पर्समधून लगदा काढला. माझ्या पर्समध्ये माप घ्यायचा लगदा असतो, इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा असतो तसा. पाण्यात कालवला, धड दिव्यावर थापला, तीन मिनिटं धरून ठेवला. ते माझ्या हातांकडे असे बघत होते की मला उगीचच घाई झाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काच तयार! धीर धरवला असता तर लाल रंगाचा माल मागवला असता, पण माझ्याकडे होता तो हिरड्यांचा. मग दिवा झाला हिरडीगुलाबी. खणात ठेवला होता, तो मिस्त्री आल्यावर काढून दिला. ते आधी बघतच राहिले, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि मग आम्ही दोघं जे हसत सुटलो! "मागून येणाऱ्याला वाटेल गाडी हिरड्या दाखवतेय," ते म्हणाले. मी म्हटलं, पोलिसाने अडवलं तर डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवू. लाल नंतर करून देते म्हटलं तर "नको, हीच लावणार" म्हणाले आणि रुमालात गुंडाळून घेऊन गेले. जिन्याच्या वरच्या पायरीवरून परत आले. टोचतंय.

चहा प्यायलो. हल्ली गुरुवारी दोन कप ठेवते.

८ फेब्रुवारी, रविवार

लेक एकटीच आली. हिरव्या गाडीचं सगळं सांगितलं तर ऐकून घेतलं, पण चेहरा उतरला. म्हणाली, "आई, तू एकटी असतेस. भरदुपारी मधल्या रस्त्यात ती बंद पडली आणि तुझा फोन लागला नाही, तर मी तीन तास लांब बसून काय करू? मला रोज तोच घोर." ती मला रागे भरते तेव्हा मी दुर्लक्ष करते, पण ही भीती खरी होती.

आणि हेही खरंच की या वयात पत्र्याला पत्रा जोडत बसायचं वेड कुणाला सांगावं? साहेब मार्चअखेर निघणार, त्यांना उत्तर हवंय. शहाण्या माणसाने करावं तेच करायचं ठरवलं. शब्द दिला. चार दारं.

लेकीने मिठी मारली. मला आनंद व्हायला हवा होता. थोड्या वेळाने होईल.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री खुर्चीत बसले होते, मी कवळी हातात घेऊन यंत्र चालू करणार, तेव्हा सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. कवळी माझ्या हातात असल्यामुळे ओठ आत गेलेले, एकदम म्हातारे दिसले.

मग म्हणाले, "चांगलं केलंत." आणि, "आज घासू नका. राहू द्या."

"टोचतंय म्हणालात ना?"

"नाही. बसली आता."

म्हणजे सात वेळा घासून आठव्या खेपेला एकदाची बसली! जिंकले मी. चहा मात्र न घेताच गेले. घाईत असतील, गॅरेज आवरायचंय ना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मिस्त्री आले नाहीत. कवळी बसली म्हटल्यावर येतील कशाला. सुटले एकदाची. सवयीने दोन कप ठेवले होते, दुसरा डॉक्टरीणबाईंना वर नेऊन दिला. त्या म्हणाल्या, "आज मला कसा काय?" टोचून बोलायची सवयच आहे त्यांना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज कुणाशीच धड बोलले नाही. प्लास्टरमध्ये बुडबुडे राहिले, जबडा पुन्हा ओतावा लागला. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर होते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, कुणाची नाही, दाराच्या बिजागरीला तेल घालायला हवं, तेच बघतेय.

वाईट एवढंच वाटतं की हिरव्या गाडीचं काय होणार ते विचारायचं राहिलं.

१ मार्च, रविवार

विचारायला गेले.

गॅरेज निम्मं रिकामं. अवजारं खोक्यांत. मिस्त्री स्टुलावर बसून चहात ब्रेड भिजवून खात होते, अगदी लगदा करून. बोलायला लागले तर शब्द बोबडे. कवळी तोंडात नव्हतीच, शर्टाच्या खिशात होती.

"हे काय?"

"काही नाही. जरा मोकळं ठेवतो तोंड."

"घाला बघू."

घातली. हसायचा प्रयत्न केला तर कवळी खाली आली. तोंड उघडायला लावलं. वरची हिरडी दोन्हीकडे लालबुंद, एका जागी सोललेली. इतकं दुखत असणार की साधा माणूस ओरडत आला असता. किती दिवस असं आहे, तर म्हणे तीनेक आठवडे. मी अशी भडकले! "टोचत होती तेव्हा दर गुरुवारी यायचात, आणि आता जेवता येत नाही तर घरी बसलात? अक्कल आहे की नाही?"

ते खाली बघून म्हणाले, "तुमचं ठरलंय ना आता. मी ३१ला निघतोच. उगीच कशाला त्रास."

कवळीचा आणि माझ्या ठरण्याचा संबंध काय, हे काही मला कळलं नाही. कवळी काढून घेतली, रुमालात बांधली आणि पातळ खा म्हणून दरडावून आले.

२ मार्च, सोमवार

कळलं.

प्रत्येक जबड्याचा एक जादा साचा मी वर्षभर फळीवर ठेवते. सकाळी मिस्त्रींचा काढला आणि कवळी त्यावर बसवली. लटलट हलायला लागली. भिंगाखाली धरून बघितलं. जिथे जिथे मी घासलंय तिथे फट. आणि जिथे मी हात लावला नाही, तिथे अजूनही केस सरकायला जागा नाही. म्हणजे ही कवळी पहिल्या दिवसापासून बिनचूक होती. तिला काही झालेलं नव्हतं. खराब केली ती मी, एकेक गुरुवार घासून.

मग तो माणूस येत कशासाठी होता?

मी खाली बसले. सफरचंद आठवलं. फाटकापर्यंत जाऊन परत येणं आठवलं. "तुम्हाला देईन" आठवलं. आणि ताई! अगं बाई, ताई! चोपन्न वर्षांची बाई मी, नवरा बघितला, संसार केला, लेकीचं लग्न केलं, आणि एवढं कळू नये? सगळ्या जगाला ताई म्हणणारा माणूस एकाच बाईला म्हणत नाही, आणि ती रुसून बसते की मान देत नाही म्हणून!

वर गेले. डॉक्टरीणबाईंना म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं." त्या म्हणाल्या, "ताई, झाडूवालीलासुद्धा माहीत होतं. आम्ही दर गुरुवारी जिन्याचा दिवा लावून ठेवत होतो त्यांच्यासाठी."

खरं लिहायचं तर, मला फार आनंद झाला. इतका की लाज वाटली. आणि लगेच तारीख आठवली. चंदेरी गाडीला शब्द दिलाय आणि महिना संपला की हा माणूस जाणार. सरळ दिसलं की मला तो जायला नको आहे. गाडी नव्हे. तो.

५ मार्च, गुरुवार

कवळीला आतून नवा थर दिला. तीन दिवस दुसरं काही केलं नाही. निरोप धाडला, आणि मिस्त्री जिना उतरून आले. सदरा धुतलेला. बसवली, दाबून बघितली.

"टोचतंय?"

त्यांनी जीभ फिरवली. बराच वेळ घेतला. "नाही."

"आधी कधी टोचत होती का?"

ते माझ्याकडे नाही, फळीवरच्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघत होते. "पहिल्या दिवसापासून उत्तम होती."

"मग सात वेळा घासायला का लावलीत?"

"दुसरं निमित्त काय काढणार?" म्हणाले. "तुमची गाडी मी इतकी नीट करून द्यायचो की सहा-सहा महिने तुम्ही फिरकायचा नाहीत. तीच चूक झाली."

मला हसू आलं. म्हटलं, "मी ती चंदेरी घेत नाही."

"माझ्यासाठी नका असं करू."

"तुमच्यासाठी कोण करतंय? हिरवी मला दहाव्या वर्षापासून हवी आहे. तिच्याबरोबर तुम्ही येताय, एवढंच."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं कवळी सुटली. सुटली नव्हती. दोन कप चहा ठेवला.

८ मार्च, रविवार

आजच्या दिवसाला घाबरून होते. लेक आणि जावई चंदेरी गाडी घेऊन आले, कागद घेऊन. दोघांना बसवलं आणि एका दमात सांगून टाकलं की गाडी घेत नाही, हिरवी करणार, मिस्त्री थांबणार.

लेक म्हणाली, "आई, तुला गाडी हवी आहे की मिस्त्री?"

"दोन्ही," मी म्हटलं.

तिने कागद खाली ठेवले. मग उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागे गेले तर पाणी पीत होती. म्हणाली, "बाबांची ती खटारा गाडी अकरा वर्षं तू का विकली नाहीस, ते आता कळलं." मी म्हटलं, तसलं काही नाही. पण इथे लिहिताना तितकीशी खात्री वाटत नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "निदान आता रस्त्यात बंद पडलीस तर मिस्त्री बरोबर असतील."

राहिला जावई. त्याचीच मला जास्त काळजी, एवढी खटपट केली बिचाऱ्याने. "साहेबांना आता काय सांगायचं?" असं मी विचारलं, तर तो एकदम सरळ बसला. "आई, तुमची हरकत नसेल तर... मी घेतो." आणि कानापर्यंत लाल झाला. लेक म्हणाली, "ऑक्टोबरपासून रात्रंदिवस हीच गाडी चाललीय याच्या तोंडात. मी नाही म्हणाले, म्हणून सासूच्या दाराशी आणून उभी केली." मला चालवायला बसवून तो "आणखी दाबा" का म्हणत होता, ते आज उमगलं. जाताना गाडी पुसून गेला.

२९ मार्च, रविवार

हिरवी गाडी आज आमच्या शेडमध्ये आली. टेम्पोला दोर बांधून आणली. टेम्पोत मिस्त्री, हिरवीच्या स्टिअरिंगवर मी, बसायला उलटी बादली, कारण सीट नाही. तळाच्या भोकातून रस्ता मागे पळताना दिसत होता. वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास लागला. एका वळणावर मला ब्रेक दाबायचा होता, दाबला, तर ब्रेकच नाहीत. मी जोरात ओरडले, पुढे टेम्पो थांबला, आणि हिरवी जाऊन हळूच त्याला टेकली. काही झालं नाही. गुलाबी दिव्याला ओरखडासुद्धा नाही, तो मागे होता.

मिस्त्रींनी दोन गल्ल्या सोडून खोली घेतली आहे. धाकट्या भावाला कळवलं, तो रागावला, मग म्हणाला की गाडी झाली की दोघं या.

शेडचं दार लावून आम्ही पायरीवर बसलो. दोघांचे हात काळेकुट्ट. मी विचारलं, "हिला रस्त्यावर यायला किती दिवस लागतील?"

या माणसाने एकदा अख्ख्या बसचं इंजिन चार दिवसांत उतरवून चढवलं होतं, हे सबंध गावाला माहीत आहे. ते बोटांवर मोजायला लागले. इंजिन. तळाचा पत्रा. वायरी. सीट. रंग. पुन्हा पहिल्या बोटापासून मोजलं. माझ्याकडे न बघता, अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सात-आठ वर्षं तरी लागतील बघा."

मी म्हटलं, "दहा धरा."